पणजीचं नाव काय?

मराठी माणसाला नाव विचारलं की तो आडनाव सांगतो, आणि न विचारता मूळ गावही सांगतो. पण त्यालाच 'तुझ्या पणजीचं नाव काय?' असं विचारून बघा. गेल्या वर्षभरात आमच्या कँटीनमध्ये मी वीसेक जणांना हा प्रश्न टाकला. पणजोबांचं नाव निम्म्यांना आलं. पणजीचं सांगणारे दोघंच निघाले. खरं तर पितृपक्षात महालयाला तिचंही नाव घ्यायचं असतं, पण तिथे अडलं की गुरुजी काहीतरी तोड काढतात आणि गाडी पुढे जाते.

घराण्याचा इतिहास शोधायचा नाद आपल्याकडे नवा नाही. कुलवृत्तांत नावाचे जाडजूड ग्रंथ अनेक घरांत माळ्यावर असतात. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी वर्गण्या काढून ते छापले. त्यात मूळपुरुषापासून खाली फांद्या फुटत जातात, कोण कुठे नोकरीला, कोणाचे मुलगे किती, सगळं असतं. बायका मात्र बहुतेक वेळा एका ओळीत आटोपतात. शिवाय असा ग्रंथ निघायला शिकलेली, पत्रं लिहिणारी, वर्गणी देऊ शकणारी माणसं लागतात. त्यामुळे कुलवृत्तांत असलेली घराणी कोणती आणि नसलेली कोणती, ही यादीसुद्धा एक प्रकारचा समाजाचा इतिहासच आहे. आमचं घराणं दुसऱ्या यादीतलं.

मग उरतात कागद. आणि जुने कागद म्हटले की मोडी आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले आजे-पणजे हिशेब, खतं, पत्रं मोडीत लिहीत. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, विरामचिन्हं नाहीत. थोडक्यात, दुसऱ्याने लिहिलेला आणि एकही कॉमेंट नसलेला कोड! सहा महिने रविवारी क्लासला जाऊन मी अडखळत वाचण्यापर्यंत आलो. पहिल्यांदा 'बिन' आणि 'कोम' हे शब्द ओळखता आले तेव्हा झालेला आनंद पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हाच्या आनंदाइतकाच होता. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा, 'अमुक कोम तमुक' म्हणजे तमुकची बायको.

तारखांची तर वेगळीच गंमत. पेशवाईतल्या कागदांवर साल बहुधा शुहूर सनात असतं, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत आणि एककापासून उलटं. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२. पण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणजे जून १७७२ ते जून १७७३. थोरले माधवराव गेले ते हेच वर्ष. नांगर धरणाऱ्यांच्या देशात महसुलाचं वर्ष मृगापासून मोजणं मला तरी १ जानेवारीपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. असो.

आता नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात हे ऐकून होतो. यात्रेकरूने आपलं नाव, गाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लिहायचं आणि खाली सही करायची, अशी ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत. आपण गाव आणि आडनाव सांगायचं, गुरुजी आपले उपाध्याय कोण ते सांगतात. डेटाबेसच्या भाषेत गाव ही इंडेक्स. आमच्या उपाध्यायांनी लांबलचक वही उलगडली आणि वीस मिनिटांत पणजोबांची सही पुढ्यात ठेवली. शके १८२३, प्लवनाम संवत्सर, म्हणजे १९०१-०२.

घरात एवढंच ठाऊक होतं की पणजोबांची दोन लग्नं झाली. पहिली बाळंतपणात गेली तेव्हा आजोबा दोन वर्षांचे होते. दुसरीने त्यांना वाढवलं आणि आम्ही सगळे तिलाच पणजी म्हणत आलो, फोटोही तिचाच. पहिलीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं, किंवा ते बोलले नाहीत. वहीत पणजोबांनी नेहमीची नावं लिहिली होती आणि खाली, जरा आत घेऊन, अस्थी घेऊन आल्याचं आणि तिचं नाव.

फोनवर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला ते वाचून दाखवलं. तिने नाव दोनदा उच्चारलं. मग म्हणाली, "माहेरचं काय लिहिलंय रे?"

लिहिलेलं नव्हतं. लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण आपल्याकडे पहिलं नावही बदलायची रीत. वहीतलं नाव सासरचं. म्हणजे ज्या घरात ती जन्मली तिथल्या एखाद्या कागदात ती असलीच, तर दुसऱ्याच नावाने. प्रायमरी कीच बदलली की दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या हे जुळवायचं कसं?

वंशावळीचं झाड ही कल्पनाही तशी फसवीच. दोन आईबाप, चार आजीआजोबा असं मागे गेलं की दहा पिढ्यांत १०२४ पूर्वज होतात. तीस पिढ्यांत १०७ कोटी. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर हे झाले ज्ञानेश्वरांच्या काळातले, आणि तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास! उत्तर सोपं आहे. तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या आपल्या मुलखात तर फांद्या फार लवकर एकमेकींत शिरतात. मूळपुरुषापासून निघालेली एक रेघ जपायची आणि बाकीचे हजारभर पूर्वज सोडून द्यायचे, याला आपण वंशावळ म्हणतो.

गंमत म्हणजे ज्यांना कुलवृत्तांत नव्हता त्यांच्या काही नोंदी जास्त नीट आहेत. १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातलेही होते. त्यांचे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा, आणि १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. बायकांचेही. माणूस पळाला तर पकडता यावा म्हणून काढलेला फोटो आज तिथला पणतू फ्रेम करून भिंतीवर लावतो. आपल्याकडे त्या काळातल्या किती खात्यापित्या घरांतल्या बायकांचा फोटो आहे?

इथेही आता जुनी दप्तरं धुळीतून बाहेर येताहेत, कारण वेगळं असलं तरी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि एकदम मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, हा शब्द घराघरात पोचला. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही. पण त्या नोंदवहीत आपलं कोणी सापडतं का हे बघायला गेलेल्या माणसाला दाखल्याखेरीज अजूनही बरंच काही मिळत असणार.

आत्याने आठवून आठवून दोन गावांची नावं सांगितली आहेत. "लहानपणी तिकडून कोणीतरी आंबे घेऊन यायचे आणि आई त्यांना मामंजींच्या पंगतीला बसवायची," एवढाच पुरावा. त्यातलं एक गाव आमच्यापासून दोन कोसांवर आहे. येत्या शनिवारी तिथे जातोय, कोणाची गाडी रिकामी असेल तर सांगा.