वसंतातील रोपविक्री आणि सामुदायिक बागकाम

माघातील वसंत पंचमीपासून चैत्राच्या अखेरीपर्यंत देशातील बहुतेक मोठ्या शहरांत पुष्पप्रदर्शने, रोपांची विक्री, बियाण्यांची देवाणघेवाण आणि बागकामाच्या कार्यशाळा भरतात. कुंड्यांतील गुलाब, फळझाडांची कलमे, भाजीपाल्याचे बियाणे, खते आणि अवजारे एकाच आवारात मिळत असल्याने हौशी बागप्रेमी या दिवसांची वर्षभर प्रतीक्षा करतात. या उपक्रमांचा इतिहास, त्यांचे आजचे स्वरूप आणि रोप विकत घेताना लक्षात ठेवावयाच्या बाबी यांची माहिती या लेखात दिली आहे.

ऋतू आणि बाजार यांचे नाते

पंचांगानुसार चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात मात्र वसंताला स्वतंत्र स्थान नाही. जानेवारी व फेब्रुवारी हे हिवाळ्याचे, तर मार्च ते मे हे पावसाळ्यापूर्वीच्या उष्ण काळाचे महिने मानले जातात. बागकामाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. युरोपात वसंत म्हणजे लागवडीच्या हंगामाचा आरंभ असतो. थंडी सरते, जमीन मऊ होते आणि पुढचे अनेक महिने रोपाच्या वाढीस अनुकूल असतात. भारताच्या मैदानी प्रदेशात वसंतानंतर लगेच कडक उन्हाळा येतो. त्यामुळे आपल्याकडील वसंतातील बाजार हा मुख्यतः हिवाळी फुलांच्या बहराचा शेवट असतो. फेब्रुवारीत फुलांनी लहडलेली कुंडी घरी आणणाऱ्या अनेकांच्या पदरी एप्रिलमध्ये वाळलेल्या काड्या पडतात, त्याचे मूळ कारण या ऋतुचक्रात आहे.

परंपरेचा आरंभ

संघटित स्वरूपातील उद्यानविद्येच्या प्रसाराला भारतात एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. विल्यम केरी यांनी १८२० मध्ये कोलकाता येथे कृषी व उद्यानविद्या विषयक संस्था स्थापन केली. मराठी वाचकांना केरी यांचे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे केरी ते हेच. या संस्थेचे उद्यान आजही अलीपूर भागात आहे.

पश्चिम भारतातही याच धर्तीवर संस्था उभी राहिली. मुंबईत १८६२ मध्ये खुल्या झालेल्या राणीच्या बागेच्या, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या उभारणीत तिचा वाटा होता. पुण्यातील एम्प्रेस गार्डनही तिच्याच व्यवस्थेखाली आहे. बेंगळुरूमधील लालबाग अठराव्या शतकात हैदर अलीच्या काळात आकारास आली. तेथील प्रसिद्ध काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली आणि पुढे हेच काचघर पुष्पप्रदर्शनाचे केंद्र बनले.

प्रारंभी या संस्थांचा भर परदेशी पिके, फळे व शोभेच्या वनस्पती येथे रुजविण्यावर होता. बटाटा, कोबी, फुलकोबी यांच्या सुधारित लागवडीस त्यातून चालना मिळाली. मात्र याच काळात शोभेसाठी आणलेल्या काही वनस्पती पुढे डोईजड झाल्या. घाणेरी किंवा टणटणी हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणण्यात आले. आज तिने देशभरातील वनांत विस्तीर्ण क्षेत्र व्यापले आहे. तळी व नद्या गुदमरवून टाकणारी जलपर्णीही आपल्या आकर्षक जांभळ्या फुलांमुळेच येथे आली.

देशातील प्रमुख उपक्रम

या हंगामातील उपक्रम जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास लालबागेत आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. मुंबई महानगरपालिका राणीच्या बागेत झाडे, फुले, फळे व भाजीपाला यांचे वार्षिक प्रदर्शन भरविते. त्यालाच जोडून उद्यानविद्येची कार्यशाळा आणि रोपे, बियाणे व साहित्य यांच्या विक्रीची व्यवस्था असते.

राष्ट्रपती भवनाचे उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वसामान्यांसाठी खुले होते. पूर्वी मुघल गार्डन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उद्यानाला जानेवारी २०२३ मध्ये अमृत उद्यान असे नाव देण्यात आले. चंडीगडमधील झाकीर हुसेन गुलाब उद्यान १९६७ मध्ये अस्तित्वात आले असून तेथील गुलाब महोत्सव फेब्रुवारीत होतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा कृषी विज्ञान मेळावा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरतो. सुधारित वाणांचे बियाणे थेट संशोधन संस्थेकडून मिळत असल्याने शेतकऱ्यांबरोबर परसबाग करणारेही तेथे येतात.

डोंगराळ प्रदेशात हंगाम उशिरा येतो. श्रीनगरमध्ये जबरवान पर्वताच्या पायथ्याशी असलेले ट्युलिप उद्यान मार्चअखेर ते एप्रिल या काळात फुलते, तर निलगिरीतील उटी येथील पुष्पप्रदर्शन मे महिन्यात भरते.

या प्रदर्शनांत मांडलेली रोपे अनेकदा दूरवरून येतात. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठचे कडियम हे गाव आणि त्याचा परिसर रोपवाटिकांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांचा मोठा व्यवसाय आहे, तर आंबा व काजूच्या कलमांसाठी कोकणातील रोपवाटिकांना मागणी असते.

रोप निवडताना

प्रदर्शनातील सर्वांत फुललेले रोप सर्वांत चांगले असेलच असे नाही. पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेंड्युला ही हंगामी फुलझाडे असून त्यांचे आयुष्य काही महिन्यांचे असते. फेब्रुवारीच्या अखेरीस ती पूर्ण बहरात असतात, याचा अर्थ त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. ती घेऊ नयेत असे नाही, परंतु पाच-सहा आठवड्यांच्या शोभेसाठी आपण पैसे मोजत आहोत याची जाणीव असावी. उन्हाळ्यात फुले हवी असल्यास झिनिया, गॅलार्डिया, कॉसमॉस किंवा पोर्चुलाका यांची निवड करावी. मोगरा, जास्वंद, बोगनवेल व सोनचाफा ही बहुवर्षायू झाडे आपल्या हवामानात रुळलेली आहेत. मोगऱ्याचा तर बहरच उन्हाळ्यात असतो.

भाजीपाल्यासाठी हा काळ सोयीचा आहे. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका व दुधी यांची उन्हाळी लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करता येते. ही पिके बियांपासून सहज येतात. वेलवर्गीय भाज्यांची वाढलेली रोपे मुळे दुखावल्यास नीट धरत नाहीत, म्हणून त्यांचे बी थेट कुंडीत वा वाफ्यात पेरणे अधिक चांगले.

फळझाडाचे कलम घेताना सांधा नीट पाहावा. सांधा एकजीव झालेला, सरळ व घट्ट असावा. सांध्याच्या खाली फुटलेली फूट ही मूळ खुंटाची असते. ती वाढू दिल्यास कलम दबते आणि वर्षानुवर्षे सांभाळलेल्या झाडाला भलतेच फळ येते. गुलाबाच्या डोळा भरलेल्या रोपांनाही हाच नियम लागू पडतो. फळझाडाची जात ओळखण्यास तीन-चार वर्षे लागत असल्याने फसवणूक झाल्यास ती उशिरा लक्षात येते. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यानुसार फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना घ्यावा लागतो. राष्ट्रीय बागवानी मंडळही रोपवाटिकांना मान्यता देते. कलमे परवानाधारक रोपवाटिकेतून किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून घ्यावीत आणि जातीचे नाव नमूद केलेली पावती जपून ठेवावी.

पिशवीच्या तळातून बाहेर आलेली व गोल गुंडाळलेली मुळे, पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण, मुळांवरील गाठी ही रोप नाकारण्याची कारणे होत. मुळांवरील गाठी सूत्रकृमींमुळे होतात. पेरूच्या बागांत अलीकडे मोठे नुकसान करणाऱ्या सूत्रकृमीचा प्रसार रोपवाटिकांतील बाधित रोपांमधून झाल्याचे आढळले आहे. एक बाधित रोप संपूर्ण बागेच्या मातीत हा उपद्रव सोडते आणि मग तो काढून टाकणे अत्यंत कठीण होते. त्यामुळे नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

रोप घरी आणल्यानंतर

रोपवाटिकेतील रोपे हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेली असतात. त्यांना एकदम गच्चीवरील उन्हात ठेवल्यास पाने करपतात. पहिला आठवडा सावलीत, त्यानंतर केवळ सकाळच्या उन्हात आणि मग कायमच्या जागी असा क्रम ठेवावा. रोप कुंडीत लावताना पिशवी कापून काढावी, मातीची हुंडी फुटू देऊ नये आणि लागवड सायंकाळी करावी. मातीवर वाळलेल्या पानांचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. पाणी सकाळी लवकर द्यावे. कुंडीच्या बशीत पाणी साचू दिल्यास मुळे कुजतात आणि डासांची पैदास होते.

जमिनीत लावावयाच्या मोठ्या झाडांची घाई करू नये. फेब्रुवारीत घेतलेले आंबा, चिकू किंवा जांभळाचे कलम मोठ्या पिशवीत, सावलीत सांभाळावे आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीत लावावे. तोवर खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो, यामागे हेच तत्त्व आहे. केरळात तिरुवातिरा ञाट्टुवेलाच्या काळात, म्हणजे जून-जुलैमध्ये, रोपांचे बाजार भरतात. या दिवसांत खोचलेली कोणतीही फांदी रुजते, असा तेथील शेतकऱ्यांचा विश्वास आहे.

सामुदायिक बागकाम

शहरांत जमीन दुर्मिळ झाल्याने बागकामाला एकत्रित प्रयत्नांची जोड मिळू लागली आहे. गृहनिर्माण संस्थेची गच्ची, शाळेचे आवार, वसाहतीतील उद्यानाचा मोकळा कोपरा अशा ठिकाणी रहिवासी मिळून भाजीपाला व फुलझाडे लावतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर या शतकाच्या प्रारंभी, स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करून बाग फुलविण्यात आली. तो प्रयोग अनेकांना मार्गदर्शक ठरला. बेंगळुरूमध्ये २०११ पासून ‘ऊट फ्रम युवर तोट’ या नावाने, म्हणजे आपल्याच बागेतील जेवण या अर्थाने, सेंद्रिय गच्चीबागेचे मेळावे भरू लागले. तेथे रोपे व साहित्याच्या विक्रीबरोबर व्याख्याने आणि अनुभवकथनही होते.

महाराष्ट्रात या विचाराची पायाभरणी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी केली. ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना व गृहिणींना आपापल्या जागेत प्रयोग करून नोंदी ठेवण्यास आणि त्या एकमेकांना कळविण्यास प्रवृत्त केले. सूर्यप्रकाश, काडीकचरा व थोडे पाणी यांच्या आधारे अल्प जागेतही विपुल उत्पादन घेता येते, हे त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून मांडले. आजच्या अनेक गच्चीबागांतील माती तयार करण्याच्या पद्धतींवर या कार्याचा प्रभाव आहे.

वसंतातील पानगळ हा सामुदायिक बागेसाठी मोठा ठेवा असतो. याच काळात रस्तोरस्ती पडलेली पाने जाळली जातात आणि धुराचा त्रास सर्वांना होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून दंडाची तरतूद केली. त्याच वर्षी पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्याकडे वाळलेली पाने आहेत त्यांनी ती बागेसाठी हवी असणाऱ्यांना द्यावीत, अशी ही साधी व्यवस्था आहे. पाने पोत्यात वा जाळीच्या पिंपात दाबून भरावीत, अधूनमधून पाणी शिंपडावे आणि थोडे शेण किंवा आंबट ताक घालावे. काही महिन्यांत त्यांचे उत्तम खत होते आणि पावसाळी लागवडीस ते उपयोगी पडते.

बियाण्यांची देवाणघेवाण

रोपविक्रीबरोबरच देशी बियाण्यांची देवाणघेवाण हे अशा मेळाव्यांचे महत्त्वाचे अंग बनले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक भाज्या व धान्यांचे वाण जतन करून बियाणे कोश उभारला. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे जतन करण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रेसह विकता येत नाही. देवाणघेवाणीत बी देताना पुडीवर वाणाचे नाव, गाव व बी धरल्याचा महिना लिहावा. संकरित वाणाचे बी पुढील पिढीत मूळ गुण दाखवीत नसल्याने ते देऊ नये.

निवडीची जबाबदारी

कोणते झाड लावावे हा प्रश्न आता केवळ आवडीचा राहिलेला नाही. झटपट हिरवाईसाठी अनेक शहरांत लावण्यात आलेल्या कोनोकार्पस या विदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. परागकणांमुळे होणारा त्रास आणि भूमिगत वाहिन्यांना मुळांमुळे पोचणारी हानी ही त्यामागील कारणे देण्यात आली. रोप घेताना त्याचे मूळ स्थान, पूर्ण वाढीची उंची आणि पाण्याची गरज विक्रेत्याला विचारावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते रोप घेऊ नये.

प्रदर्शनांच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या स्थानिक महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडून किंवा राज्याच्या उद्यानविद्या विभागाकडून जाणून घ्याव्यात. जाण्यापूर्वी आपल्या गच्चीवर वा खिडकीत किती तास ऊन येते, याची दोन-चार दिवस नोंद केल्यास योग्य रोप निवडणे सोपे जाते. सोबत कापडी पिशवी आणि रोपे उभी ठेवण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके असावे. थोडीच रोपे घ्यावीत आणि पावसाळ्यापर्यंत ती जगवावीत. नव्याने बाग करणाऱ्यांसाठी हाच सर्वांत उपयुक्त सल्ला होय.