सात किलोची बॅग आणि फ्लॉरेन्समधला आपला राजा

सुट्टीचा सीझन जवळ आला की हल्ली घराघरांत एक नवा खेळ चालतो. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये येतो. आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग हातात घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. सहा किलो आठशे. जमलं! विमानात वर ठेवायची बॅग साधारण सात किलोची, तेवढ्यातच सगळं बसवायचं आणि चार-पाच दिवसांत युरोपातलं एखादं शहर बघून यायचं. जर्मनीत, आयर्लंडमध्ये नोकरीला असलेली आपली पोरं तर शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर सॅक टाकून रोमला जातात आणि रविवारी रात्री परत. इकडे आई फोनवर विचारते, "एवढ्याशा पिशवीत काय मावतंय रे?"

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो थेट राजवाड्यात पडला होता.

१८७० साल. करवीरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज. (आपल्याकडे या नावाचा फार गोंधळ होतो. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे, शाहू महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे. हे मधले. १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसलेले. राजाराम कॉलेजला नाव आहे ते यांचं.) वय जेमतेम वीस. इंग्रजी शिकलेले, वाचनाची आवड, जग बघायची हौस. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. कोल्हापुरात मात्र अजून रेल्वेसुद्धा आली नव्हती, ती आली १८९१ ला. आणि समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणारा समाज भोवती होता. अशा वेळी हा तरुण राजा इंग्लंडला निघाला. राज्यावर असताना विलायतेला गेलेल्या अगदी पहिल्या हिंदू राजांपैकी हे एक.

त्यांच्या सामानाची यादी काही माझ्यासमोर नाही. पण त्या काळात राजाचा प्रवास म्हणजे काय, हे समजायला यादी लागत नाही. सोबत कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी, शिकवायला असलेले पारशी शिक्षक आणि आपली माणसं. पेट्या, कपडे, पूजेचं, खाण्यापिण्याचं, औषधपाणी, सगळं बरोबर. कारण पुढे जाऊन विकत घेऊ, बाहेर जेवू, ही सोयच नव्हती. पाणी कुणाच्या हातचं, अन्न कुणी शिजवलेलं, हे प्रश्न पेटीत घालूनच न्यावे लागायचे.

महाराजांनी या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहिली. पुढे कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ साली लंडनला छापून आली. लंडनमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, माणसं पाहिली. हिवाळ्याच्या तोंडावर परत निघाले तर फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. म्हणून बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा वळसा घालून ते इटलीत उतरले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथेच प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला महाराज गेले. घरापासून हजारो मैल दूर, विसाव्या वर्षी.

आता सोबतच्या माणसांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. अंत्यसंस्कार करायचे तर दहनच. आणि इटलीत प्रेत जाळायची पद्धत नव्हती. युरोपातलं पहिलं आधुनिक दहनगृह इटलीतच, मिलानला झालं, पण ते १८७६ साली. म्हणजे आणखी सहा वर्षांनी. एवढ्या लवाजम्याच्या एवढ्या पेट्या, पण जागा, लाकडं आणि सरकारी परवानगी यांतलं काही पेटीत नेता येत नाही. शेवटी इटलीच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. शहराबाहेर कॅशिने नावाच्या बागेच्या टोकाला आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा संगम आहे. तिथे रात्री चिता रचली गेली. बघायला फ्लॉरेन्सचे लोक जमले होते. आपल्याकडे प्रयाग चिखलीला संगम आहे, तसाच हा. कोल्हापूरच्या राजाची रक्षा आर्नो नदीत गेली.

पुढे १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे. आपला नवा राजवाडा, टाऊन हॉल, सीपीआरची जुनी इमारत, सगळं त्यांच्याच हातचं. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात. शेजारी १९७० च्या दशकात आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचंही नाव 'इंडियानो'चा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. त्यातल्या किती जणांना हा 'इंडियन' कोल्हापूरचा हे माहीत असेल, देव जाणे.

या गोष्टीला कोल्हापूरचीच एक उलटी जोड आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. गोपाळराव कोल्हापुरात नोकरीला असताना त्यांनी इथल्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते अमेरिकेत छापलं गेलं आणि ते वाचून न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा वय अठरा. लवाजमा नाही, नवरा सोबत नाही. थंडीत नेसायचं काय आणि जेवायचं काय, हे त्यांचे खरे प्रश्न होते. तीन वर्षांनी डॉक्टर होऊन परतल्या. त्यांची नेमणूक कुठे झाली होती? आपल्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरला, बायकांच्या विभागात. पण रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे अमेरिकेत गेली. राजाची रक्षा इटलीत, डॉक्टरची अमेरिकेत. दोघांचाही धागा इथे बांधलेला.

मग १९०२. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला हिंदुस्थानातले राजे लंडनला गेले. जयपूरच्या माधोसिंग महाराजांनी परदेशात गंगाजलच प्यायचं ठरवलं आणि चांदीचे प्रचंड घडे बोटीवर चढवले. एकात सुमारे चार हजार लिटर पाणी! त्यातले दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात. त्याच समारंभाला आपले शाहू महाराजही गेले होते. पण कोल्हापूर त्या वर्षाची आठवण सामानासाठी काढत नाही. महाराज तिकडे असताना २६ जुलै १९०२ ला करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम निघाला, मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत शेकडा पन्नास जागा राखून ठेवायचा.

शाहूपुरीला वजनाचं महत्त्व सांगायला नको. १८९५ ला शाहू महाराजांनी ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, स्टेशनला लागून. गुळाचे रवे, पोती, हमालांच्या पाठी, काटा आणि मापाडी. वजन जास्त तर पैसे जास्त, हा सरळ हिशोब. विमान कंपन्यांनी तोच हिशोब उलटा करून प्रवाशाला लावलाय.

हलक्या बॅगेचा इतिहास तसा अलीकडचा. आपल्या लहानपणी प्रवास म्हणजे पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचं गाठोडं. सुटकेसला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत १९७२ चं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतरचं! आणि आज सगळे ओढतात ती उभी, दांड्याची बॅग एका वैमानिकाने १९८७ ला केली. पुढे युरोपात स्वस्त विमानं आली. तिकीट स्वस्त, बॅगेला पैसे. रायनएअरसारख्या कंपनीत फुकट जाते ती फक्त सीटखाली मावणारी छोटी पिशवी. वरच्या कप्प्यातल्या बॅगेलाही पैसे लावतात म्हणून स्पेन सरकारने २०२४ मध्ये पाच विमान कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड केला. कंपन्या त्याविरुद्ध भांडताहेत. तेव्हा तिकीट काढताना नुसता 'सात किलो' हा आकडा बघू नका, लांबी-रुंदी-उंची बघा. तिथल्या गेटवर बॅग लोखंडी चौकटीत घालून बघतात. आपल्याकडे रिक्षावाल्याला म्हणतो तसं "बसवा की हो जरा" तिथे चालत नाही.

आईसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. १०० मिलीच्या वरचं पातळ काही हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, त्यामुळे लोणच्याची बरणी सुटली. आणि दूध-मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदीच आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा हेही गेलं. कोरडी चटणी घट्ट बांधून द्या.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्या बॅगेतली एक कागदाची घडी. शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा लागतो, कमीत कमी ३०,००० युरोंचा. आजारपण, हॉस्पिटल आणि मृत्यू झाला तर त्याचा खर्च, हे सगळं त्यात धरलेलं असतं. १८७० मध्ये आपल्या राजाच्या माणसांना त्या थंडीत दारोदार फिरून जे मिळवावं लागलं असेल, त्यातलं बरंचसं आज त्या घडीत असतं. बॅग हलकी झाली ती अशी. लवाजम्याचं काम आता हॉटेल, कार्ड, फोन आणि विमा कंपनी करते. आपल्याकडे वारकऱ्याच्या खांद्यावर छोटी पडशी असते, कारण मागून दिंडीचा ट्रक येत असतो. तसंच हे.

म्हणून सांगतो. अनेक जण एजंट सांगेल तो स्वस्तातला विमा काढतात आणि व्हिसा हातात आला की विसरून जातात. असं करू नका. पॉलिसी वाचा. मदतीचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि घरच्यांकडेही द्या. आईवडिलांना ग्रुप टूरला पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यांच्या जुन्या आजारांचा खर्च त्यात धरलाय का, ते आधी विचारा.

आणि फ्लॉरेन्सला जाणार असाल तर अर्धा दिवस राखून ठेवा. टूरवाले म्युझियम, मोठं चर्च आणि जुना पूल दाखवून पुढे नेतात. कॅशिने बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि छत्री तिच्या पश्चिमेकडच्या टोकाला. मोठी बॅग ओढत तिथे जाणं होत नाही. पाठीवर सॅक असेल तर नदीच्या कडेने चालत जाता येतं. कोल्हापूरचा माणूस आला की त्या संगमावर दोन मिनिटं थांबावं. त्या बॅगेत एवढी जागा असतेच.