खंडणीचा आरोप आणि ‘पळवाटे’चा आक्षेप

खंडणीचा एफआयआर उच्च न्यायालयाने रद्द केला अशी बातमी आली की एक प्रतिक्रिया ठरलेली असते: वकिलाने तांत्रिक पळवाट काढली आणि आरोपी सुटला. पैसे मागितले, धमकी दिली, मग आणखी काय सिद्ध करायचे, असा सवाल त्यामागे असतो. या मताला आधार आहे. १९९० च्या दशकात मुंबईतले बिल्डर आणि चित्रपट निर्माते खंडणीच्या फोनच्या दहशतीत जगले. १९९७ मध्ये संगीत निर्माते गुलशन कुमार यांची भर दिवसा हत्या झाली. १९९९ मध्ये महाराष्ट्राला मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणावा लागला. ज्या समाजाने हे सोसले, त्याला कलमाची चिकित्सा नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि ते फिर्यादीच्याही हिताचे नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये जुन्या दंडविधानाची ३८३ ते ३८९ ही कलमे एकवटली आहेत. खंडणी सिद्ध व्हायला चार गोष्टी लागतात. आरोपीने हेतुपुरस्सर क्षतीची भीती घातली पाहिजे, त्यामागे अप्रामाणिक हेतू पाहिजे, त्या भीतीमुळेच समोरचा माणूस प्रवृत्त झाला पाहिजे आणि त्याने मालमत्ता किंवा मौल्यवान दस्तऐवज प्रत्यक्ष हवाली केला पाहिजे. यांतले एक गळाले तरी खंडणीचा पूर्ण गुन्हा होत नाही. आयझॅक इसांगा मुसुम्बा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितले. धमकीपोटी काही दिले गेल्याचे फिर्यादीत कुठेच नव्हते, म्हणून तो गुन्हा रद्द झाला.

पूर्वपक्ष इथे विचारेल की मग पैसे हाती पडेपर्यंत गुंड मोकळाच का? मुळीच नाही. खंडणीसाठी नुसती भीती घालणे हाही गुन्हा आहे. ३०८(३) खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भीती मृत्यूची किंवा जबर दुखापतीची असेल तर ३०८(४) खाली ती सात वर्षांपर्यंत जाते. याच गुन्ह्याच्या जुन्या दंडविधानातल्या कलम ३८७ साठी पैसे हवाली होण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बालाजी ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे रिकाम्या हाताने परतलेल्या गुंडासाठीही कायद्यात कलम आहे. पोलिसांनी ते नेमके लावले पाहिजे.

चुकीच्या कलमाचे काय होते, हे महाराष्ट्राने एका गाजलेल्या खटल्यात पाहिले आहे. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर साखर कारखान्यांकडून देणग्या घेतल्याचे आरोप होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडणीचा आरोप ग्राह्य धरला नाही. कारखान्यांचे प्रश्न सरकारकडे पडून होते आणि देणग्यांसाठी दबाव आला, एवढ्याने खंडणी होत नाही. चालकांना भीती घातली गेली आणि त्या भीतीपोटी पैसे दिले गेले याचा पुरावा नव्हता. मात्र लाच आणि फसवणूक यांच्या आरोपांना प्रथमदर्शनी आधार असल्याचे त्याच न्यायालयाने मानले. घटकांची चिकित्सा म्हणजे आरोपीला सवलत नव्हे, हे या एका निकालातून दिसते. जे आरोप पुराव्यावर उभे होते, ते त्या चिकित्सेतूनही टिकले.

उलट ही चिकित्सा सोडली तर भरडला जातो तो सामान्य माणूस. ३०८(२) चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. उधारी, भागीदारी किंवा सोसायटीच्या भांडणात हे कलम लागले की ज्याचे पैसे थकले आहेत, त्याच्याच डोक्यावर अटकेची टांगती तलवार येते. पण हक्काचे पैसे मागण्यात अप्रामाणिक हेतू नसतो. कायद्याच्या भाषेत क्षती म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोहोचवलेली हानी. त्यामुळे ‘थकबाकी दिली नाहीत तर दिवाणी दावा लावीन’ हे सांगणे खंडणी नव्हे. वसुलीसाठी मारहाण केली किंवा घरी माणसे पाठवून धमकावले, तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. ‘पैसे दे, नाहीतर गंभीर गुन्ह्यात अडकवतो’ किंवा ‘बदनामी छापतो’ असे म्हणणारा मात्र खंडणीच्या कक्षेतच येतो.

आरोप आलाच तर बचाव या घटकांवरच उभा राहतो. करारपत्रे, बिले, बँकेचे व्यवहार आणि आधीच्या नोटिसा जपाव्यात; त्यांतून मागणी हक्काची होती हे दिसते. मोबाइलमधले संदेश पुसू नयेत. फिर्यादीला फोन करून समजूत घालायला जाऊ नये, कारण तो फोनच दबावाचा पुरावा ठरू शकतो. अटकेची भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, याचे कारण पोलिसांनी नोंदवले पाहिजे, असे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये ठरले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस आली तर न चुकता हजर राहावे. फिर्याद जशीच्या तशी खरी मानूनही गुन्हा होत नसेल तर त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावे, नाहीतर दोषमुक्तीचा अर्ज करावा. फिर्यादी ध्वनिफितीची प्रत पुढे करत असेल तर तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र आहे का ते तपासावे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात, मूळ उपकरण हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

फिर्यादीनेही हेच घटक डोळ्यांसमोर ठेवावेत. कोणी, कधी, कोणत्या शब्दांत भीती घातली आणि काय दिले गेले, हे फिर्यादीत स्पष्ट लिहावे. काही दिले नसेल तर तसेच लिहावे आणि कलम त्याप्रमाणे लावण्याचा आग्रह धरावा. न्यायालयात टिकेल अशी फिर्यादच खंडणीखोराला तुरुंगात पाठवते.