घरबसल्या विडीचा जमाखर्च

2020 च्या टाळेबंदीत मुलगा पुण्याहून सोलापूरला परत आला आणि घरातूनच कंपनीचे काम करू लागला. महिनाअखेरीला त्याने कागदावर हिशेब मांडला. जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास वाचले, पेट्रोल वाचले, खोलीचे भाडे वाचले, बाहेरचे खाणे वाचले. तो मोठ्याने वाचत होता आणि माझी आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकच विचारले, "आणि लाइटबिल कंपनी भरती व्हय रे?"

पोरगा हसला. मला हसू आले नाही. त्याच भिंतीला टेकून आईने तीस वर्षे विड्या वळल्या होत्या.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी हिशेबनिसाची केली. जुने कायदे आणि न्यायालयांचे निवाडे वाचायचा नाद लागला तो आईच्या ट्रंकेत सापडलेल्या लॉगबुकामुळे. किती पान दिले, किती तंबाखू दिला, किती विड्या परत आल्या, छाट किती निघाली, मजुरी किती झाली, एवढे रकाने त्यात आहेत. वेळेचा रकाना नाही. हिशेबनिसाच्या नजरेला ते पहिल्यांदा खटकले.

वेळ लागायचा तो असा. संध्याकाळी आणलेले तेंदूपान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. मग पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने एकेक पान कापायचे. त्यानंतर मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे. वळून झाले की दोरा गुंडाळायचा, तोंडे दुमडायची, जुड्या बांधायच्या. शेवटी पाटी घेऊन ब्रँचवर जायचे आणि रांगेत उभे राहायचे. मुकादम जुडी उलटीपालटी करून बघणार, दोन-चार मोडून टाकणार. मजुरी मात्र फक्त पसंत पडलेल्या विड्यांची. मिळालेल्या पानात हजार विड्या बसल्या नाहीत, तर कमी पडलेले पान पदरच्या पैशाने बाजारातून आणायचे. शेजारच्या पद्मशाली बायकांचेही तेच. नवरा यंत्रमागावर आणि बायको सुपापुढे, अशी आमची अख्खी गल्ली होती.

आता पलीकडच्या बाजूचा हिशेब. 1948 च्या कारखाना अधिनियमानुसार विजेशिवाय चालणाऱ्या जागेत वीस कामगार बसले की तो कारखाना ठरत असे. मग उजेड, पाणी, संडास, कामाचे तास, पगारी रजा, ठरावीक संख्येहून जास्त बायका असल्या तर पाळणाघर. हा सगळा खर्च टाळायचा तर माणसे वीस ठिकाणी बसवणे पुरे. इमारत नको, भाडे नको, दिवा नको. ज्याला आपण आज घरून काम केल्याची बचत म्हणतो, ती विडीच्या धंद्यात फार पूर्वीच झाली होती, फक्त ती दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होती.

मुळात विडी वळणारा हा कामगार आहे का, इथपासून भांडण होते. सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठचे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत. 1960 साली बिर्दीचंद शर्मा खटल्यात नागपूरच्या कारखान्यात बसून विड्या करणाऱ्यांना न्यायालयाने कामगार मानले. कारखान्याच्या वेळेत ते हवे तेव्हा येत-जात असले, तरी काम तिथेच येऊन करावे लागे, आणि वाईट विडी बाद करण्याचा अधिकार मालकाकडे होता. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बहुमताने उलट ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत दिले. दोन्हीकडे वाद रजेच्या पगाराचा होता. म्हणजे कारखान्यात बसणाऱ्याचीच ही गत, तर चुलीपुढे बसणारीला कोण विचारतो?

1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. तो मी कितीदा तरी वाचला आहे. त्याचे कलम 29 सांगत होते की विडी बनवण्याची प्रक्रिया मालकाने कारखान्याच्या जागेबाहेर करवून घेऊ नये. वाचून बरे वाटते. पण त्याच वाक्याला शेपूट होते: कच्चा माल देऊन घरी विड्या वळवून घेतल्या, तर ही बंदी लागू नव्हती. बायकांना पहाटे सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काम नको, हे कलमही होते, पण ते कारखान्याच्या जागेपुरते. आमच्या घरात रात्री दहाला सूप हलत असे, त्याला कायद्याची हरकत नव्हती. तरीही हा कायदा मी मोठा मानतो. घरी वळणाऱ्या बाईला त्याने कामगार म्हटले, वीस दिवसांच्या कामामागे एक रजा सांगितली, बाळंतपणाचा लाभही दिला.

तो अमलात येऊ लागला तसे केरळात काय झाले, हे मुद्दाम सांगतो. मंगळूरच्या एका मोठ्या विडी कंपनीने कण्णूरकडचे आपले कारखाने बंद केले आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांनी 1969 मध्ये दिनेश बीडी ही सहकारी संस्था काढली, आणि सगळे पुन्हा एका छपराखाली येऊन बसले. तिकडच्या विडीशाळांत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या वाट्याच्या विड्या वळून द्यायच्या, अशी रीत होती. घरी बसलेल्या माझ्या आईच्या वाट्याला हे कधीच आले नाही. मुकादमाने किती जुड्या मोडल्या, हे तिला शेजारणीला सांगायचे असले तरी रांगेतच सांगावे लागे.

1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. 1985 मध्ये पी. एम. पटेल खटल्यात घरी वळणारीलाही भविष्यनिर्वाह निधीचा हक्क असल्याचे सांगितले. वाईट विडी बाद करण्याचा हक्क हीच देखरेख, असा त्यातला धागा. म्हणजे जी छाट बायकांना आयुष्यभर रडवत आली, तिनेच शेवटी त्यांना कामगार ठरवले.

2006 मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरे झाली. कामगार चळवळीचे ते मोठे यश आहे. गोदूताई परुळेकरांचे नाव त्या वसाहतीला आहे. मी तिथे गेलो तेव्हा एका घरात पाहुणा म्हणून बसलो. दाराशी उजेडाच्या बाजूला सूप, आत ओल्या पानांचा ढीग. त्या घरासाठी केंद्राने पैसे दिले, राज्याने दिले आणि बाईनेही आपला वाटा भरला. मी मनात म्हटले, कारखान्याच्या शेडचा हप्ता कामगारच भरतोय. घरमालकीण मात्र आनंदात होती. भाड्याच्या खोलीत पान भिजवायला जागा नव्हती म्हणाली, आणि तिचे खोटे नव्हते.

लॉगबुकात 1976 सालचे एक पान आहे. त्यावर सलग पाच दिवस नुसत्या रेघा आहेत आणि सहाव्या दिवशी 300 विड्या. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माची तारीख. बाळंतपणाच्या रकमेची नोंद पुस्तकात कुठेही नाही. मी आईला विचारले, एवढ्या लवकर कशी बसलीस?

"पाचवी पुजली आन् बसले. घरातच तर होते."

"आणि ब्रँचवरनं पान कोणी आणलं?"

"तूच की."

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला ते आठवत नाही.