वसूल घेऊन घोडेगावला

डोळे उघडा. माघातली पहाट आहे, साल १८८५च्या आगेमागे. अंगावरची घोंगडी टोचतेय आणि बाहेर घोड नदी दगडांवरून खळखळतेय. तुम्ही आंबेगावात आहात. काल डोंगरावरच्या आहुप्याहून उतरलात, पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत. पण उठा! पाटील केव्हाचे फेटा बांधून तयार आहेत आणि तराळाच्या, म्हणजे गावच्या महार चाकराच्या, कमरेला गावच्या वसुलाची थैली आहे.

जायचं कुठं? घोडेगावला. हा आंबेगाव पेठा. खेड तालुक्याचाच तुकडा. खेडचे मामलेदार डोंगरकरांना फार लांब, म्हणून घोडेगावात महालकरी बसतात. आहुप्याच्या माणसाला सरकार म्हणजे ही दोन दिवसांची चाल.

चला, नदी डाव्या-उजव्या हाताला घेत. खाचरांतली भाताची धसकटं तळव्याला बोचतात. दवाचा, चुलीच्या धुराचा वास येतो. हिरड्याची ओझी घेऊन उतरणाऱ्या बायका गाठतात. एक जण हातावर हिरडा ठेवते, "चावून तर बघा!" चावता, आणि जीभ अशी आखडते की बोलणंच खुंटतं. साऱ्याजणी खळखळून हसतात.

घोडेगावात शिरेपर्यंत ऊन टाळूवर आलेलं. बाजार भरलाय: गूळ, सुकी मासळी, शेण, घाम, बैलांच्या घुंगरांचा कल्लोळ. रेटारेटीतून कचेरी गाठा.

आत एकदम सावली. कारकुनापुढं जुन्नरच्या कागद्यांनी घोटून गुळगुळीत केलेला जाड, पिवळसर कागद. बोरू करकरतो, मोडी अक्षरं सरसर पळतात, ओल्या शाईवर वाळू भुरभुरते. मग एकेक रुपया फरशीवर आपटला जातो. खण्ण. खण्ण. बद्द! कारकून तो रुपया नुसता बोटानं बाजूला सारतो. तुमच्या पोटात गोळा. पाटील काही न बोलता कनवटीचा रुपया काढून ठेवतात. खण्ण. आता कुठं श्वास सुटतो.

वळून बघा. ज्यानं ही थैली डोंगरावरून इथवर सांभाळून आणली, तो तराळ बाहेर उन्हात उभा आहे. ओट्यावर चढायची त्याला मुभा नाही. त्याच्या भेगाळल्या टाचा नीट बघून ठेवा. पेठ्याचा कारभार त्यांवर चालतो, आणि त्या दप्तरात कुठंच लिहिलेल्या नसतात.

आता परत या. पेठा जाऊन तालुका झाला. कचेरी घोडेगावातच राहिली, नाव आंबेगावचं राहिलं. आणि ते जुनं आंबेगाव, तिथली ती पहाटेची वाट, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली.

पुढच्या वेळी सातबाऱ्यावर 'तालुका आंबेगाव' वाचाल तेव्हा घटकाभर थांबा. त्या गावातून तुम्ही पायी चालत आला आहात.