बरसाती: घोड्याची खाज आणि कुंभाराचे गाढव

गेल्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या कारणाच्या व्याख्येपाशी थांबलो होतो. कार्याच्या आधी नियमाने असणारे, आणि ज्याच्यावाचून भागत नाही, ते कारण. आज ही व्याख्या घेऊन आपल्याला तबेल्यात जायचे आहे. हसू नका. एका खाजेच्या रोगाने या व्याख्येची चांगली परीक्षा घेतली आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश लष्करी पशुवैद्यांच्या लिखाणात घोड्याच्या एका रोगाचे नाव येते. इंग्रजीत ते प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिले, पण शब्द आपल्या ओळखीचा आहे: बरसाती. पावसाळा आला की घोड्याच्या पायावर, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्याच्या आतल्या बाजूला साधी जखम चिघळायची. लालसर मांस वर यायचे, त्यात पिवळे, चरचरीत कण सापडायचे. आणि खाज! घोडा खांबाला अंग घासणार, स्वतःचाच पाय दातांनी फोडणार. खाजवल्याने जखम मोठी होणार, जखम मोठी झाली की खाज वाढणार. थंडी पडली की बऱ्याच घोड्यांची जखम आपोआप सुकायची, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा उघडायची.

आता अन्वय-व्यतिरेक लावून बघा. पाऊस आहे तर रोग आहे. पाऊस नाही तर रोग नाही. मग पाऊस हेच कारण का नाही? नाव ठेवणाऱ्यांनी तोच निष्कर्ष काढला, आणि आपणही काढला असता.

या गोष्टीचा पहिला धागा आपल्या मुंबईत सापडतो. 1861 साली हेन्री जॉन कार्टर या मुंबईतल्या डॉक्टरांनी घरमाशीच्या अंगात, मुख्यतः तिच्या सोंडेत, बारीक कृमी असल्याचे प्रसिद्ध केले. (ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथासाठी चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर वेगळे. तेही मुंबईतच होते, त्यामुळे घोटाळा होतो.) कार्टरांनी कृमीला नाव दिले ते माशीवरून. घोड्याचा यात काही संबंध असेल असे कुणाला का वाटावे? मुंबई तर घोड्यांनी भरलेली होती. इराणी आखातातून अरबी घोडे इथल्याच बंदरात उतरत, आणि 1874 पासून ट्रामही घोडेच ओढू लागले. लिदीला तोटा नव्हता, माशांनाही नव्हता.

दुसरा धागा इटलीत आहे. 1868 मध्ये रिव्होल्टा या संशोधकाने घोड्याच्या अशाच जखमेत कृमी पाहिले आणि नाव ठेवले ‘इरिटान्स’, म्हणजे त्रास देणारा. तिसरा धागा तर सर्वांत जुना. घोड्याच्या जठरात राहणाऱ्या एका कृमीचे वर्णन 1819 मध्येच झाले होते. जठरातला एक, माशीतला एक, जखमेतला एक. तीन ठिकाणी तीन नावे, आणि तीन वेगळ्या वस्तू आहेत अशी सर्वांची समजूत!

1913 मध्ये अमेरिकेत रॅन्सम यांनी दाखवून दिले की कार्टरांचा माशीतला कृमी म्हणजे घोड्याच्या जठरातल्या कृमीचेच पिल्लू आहे. जखमेतल्या कृमीची ओळखही पुढच्या काही वर्षांत पटली. चक्र असे आहे: जठरातल्या मादीची प्रजा लिदीतून बाहेर पडते. लिदीत माशीच्या अळ्या वाढतात, त्या तिला गिळतात. अळीची माशी होते तोवर हे कृमीही तयार होऊन सोंडेत येतात. माशी घोड्याच्या ओठावर बसली तर ते पोटात जातात आणि मोठे होतात. जखमेवर बसली तर मात्र ते वाट चुकतात. तिथे त्यांची वाढ होत नाही, पण शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. खाज असते ती या पेटण्याची.

झाले का समाधान? नाही. 1884 मध्ये स्मिथ या पशुवैद्याने हिंदुस्थानातल्या बरसातीबद्दल लिहिताना बुरशीसारख्या तंतूंचा निर्वाळा दिला होता. त्या जखमांतल्या पोवळ्यासारख्या खड्यांना इंग्रजी ग्रंथांत आजही जे नाव आहे ते आपला ‘कंकर’ शब्दच म्हणायला हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी डच ईस्ट इंडीजमध्ये द हान आणि होगकामर यांनाही घोड्यांत तसेच तंतू मिळाले. 1987 मध्ये त्या जीवाला पिथियम इन्सिडिओसम हे नाव मिळाले. तो खरी बुरशी नव्हे. तो पाण्यातला बुरशीसारखा जीव, आणि त्याचे पोहणारे बीजाणू साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या घोड्याच्या पायाला चिकटतात. म्हणजे कृमीवालेही बरोबर आणि तंतूवालेही बरोबर. दोन रोग एका नावाखाली नांदत होते, आणि हे एकच नाव पावसाने दिले होते.

इथे मला कुंभाराचे गाढव आठवते. माती गाढवावरून येते, म्हणून गाढव घटाचे कारण होत नाही. माती बैलगाडीतून आणली तरी घट होतोच. पावसाचेही तसेच. युरोप-अमेरिकेत आपल्यासारखा मॉन्सून नाही, तरी कृमीच्या जखमा उन्हाळ्यात होतात. तिथे त्यांना ‘उन्हाळी फोड’ म्हणतात! पण पावसाला नुसते गाढव म्हणून हाकलून देणे मला पटत नाही. माशा तोच वाढवतो, डबकी तोच साचवतो. मोतद्दाराच्या हातात पाऊस थांबवणे नसते, पण लीद रोज उचलणे, ती तबेल्यापासून लांब टाकणे, जखम झाकणे, घोड्याला डबक्याबाहेर ठेवणे हे असते. ‘बरसाती’ या शब्दाने त्याला निदान सावध केले. पशुवैद्याला मात्र त्याच शब्दाने चकवले.

कारण उपचार एक नाहीत. कृमीची जखम असेल तर 1980 च्या दशकात आलेले आयव्हरमेक्टिन अळ्या मारते, आणि शरीराचा भडका शमवणारे औषध खाज उतरवते. पिथियमवर आयव्हरमेक्टिनचा उपयोग नाही. नेहमीची बुरशीची औषधेही तिथे फारशी चालत नाहीत, कारण ती ज्या द्रव्यावर घाव घालतात ते या जीवाच्या पेशीत जवळजवळ नसतेच. तिथे लवकर आणि मुळापासून कापून काढावे लागते. म्हणून आजचा पशुवैद्य जखमेचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. ऋतू बदलेल, जखम आपोआप सुकेल म्हणून पिथियमच्या घोड्याला तसेच ठेवले, तर काही आठवड्यांत जखम इतकी पसरते की कापायला जागा उरत नाही.