केल्टिक कलेच्या अभ्यासक फ्रान्स्वाज आंरी

डब्लिन येथील रॉयल आयरिश अकॅडमी ही विद्वत्सभा १७८५ साली स्थापन झाली. तिच्या पूर्ण सभासदांत स्त्रिया आल्या त्या मात्र १९४९ साली, म्हणजे तब्बल १६४ वर्षांनी! त्या पहिल्या चौघींपैकी एक, पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वाज आंरी, ह्यांची ओळख भगिनींना करून द्यावी असे मला वाटले.

एकोणिसाव्या शतकात मार्गारेट स्टोक्स ह्या विदुषीने आयर्लंडच्या प्राचीन ख्रिस्ती कलेचाच अभ्यास केला होता. सभेने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले. पाट मांडला, पण पंक्तीच्या बाहेर. हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

फ्रान्स्वाजबाई मूळच्या पॅरिसच्या, जन्म १९०२ चा. प्राध्यापक फोसियाँ ह्यांच्या त्या शिष्या. १९२६ साली आयर्लंड पाहावयास गेल्या आणि तेथील दगडी क्रूसांनी त्यांना कायमचे बांधून ठेवले. १९३३ मध्ये आयरिश शिल्पावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ निघाला. डब्लिनच्या विद्यापीठ महाविद्यालयात त्या आधी फ्रेंच शिकवीत. पुढे चित्रकलेचा इतिहास.

त्या क्रूसांवर आणि जुन्या हस्तलिखितांवर एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्या, वळसे, लांबट पशू असतात. नुसते पाहूनच डोळे गरगरतात. ह्या गुंत्यात भूमितीचा काटेकोर हिशेब आहे, आणि वळशांचे मूळ ख्रिस्ती धर्माआधीच्या केल्टिक कलेत आहे, हे बाईंनी उलगडून दाखविले. जिने ठिपक्यांची रांगोळी घातली आहे तिला पहिली गोष्ट तरी चटकन पटेल.

पण मला त्या आवडतात त्या इनिशकी बेटावरच्या. मेयो परगण्याच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमध्ये हे बेट. १९२७ च्या वादळात तेथले दहा तरुण कोळी बुडाले, आणि पुढील काही वर्षांत सारी वस्ती मुख्य भूमीवर गेली. त्या ओसाड बेटावर बाईंनी १९३७ व १९३८ मध्ये उत्खनन केले. खणावयास माणसे कोण? बेट सोडून गेलेलेच लोक. वाळूखाली प्राचीन मठवासीयांच्या झोपड्या निघाल्या आणि फोडलेल्या शंखगोगलगायींच्या शिंपल्यांचा ढीग. त्यांपासून तेथे जांभळा रंग काढीत असत, असे बाईंनी ताडले.

मध्ये महायुद्ध आले. १९४६ साली त्या पुन्हा बेटावर गेल्या. १९४९ साली सभासदत्व मिळाले. आणि १९५० च्या उत्खननासाठी बाई पुन्हा होडीत बसल्या.